चकचकीत रंगाखाली पत्राच नव्हता

जॅक वर चढत होता, पण गाडी उचलली जात नव्हती. दुसऱ्यांदा दांडा फिरवला तेव्हा वाळलेला पापड मोडावा तसा आवाज झाला आणि जॅकचं डोकं रनिंग बोर्डच्या आत शिरलं. रनिंग बोर्ड म्हणजे दाराखालचा लांब, पेटीसारखा पत्रा. आतून लोखंड निघालं नाही. निघाली गुलाबी भुकटी, फायबरच्या जाळीचे धागे आणि ओलसर तपकिरी चुरा. आत्या फाटकाशी उभी होती. "अरे, हे काय पडतंय?" असं तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वीच मी या गाडीच्या कामाचे २,६०,००० रुपये चुकते केले होते.

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट, माझ्या आतोबांची. बडोद्यात करेलीबागेतल्या बंगल्यात ती कायम छपराखाली असे, आणि आतोबा गेल्यावरही आत्याने ती विकली नाही. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता, तिथे मी आत्याला घेऊन गेलो होतो. परत येताना ती म्हणाली, "आपलीपण अशी करता येईल का रे?" तेव्हापासून ते डोक्यात होतं. पुढे ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५च्या वर गेली. गाडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. आता काम काढणं भागच होतं.

पुरानंतर शहरातली सगळी गॅरेजं भरलेली होती. कुणी जानेवारीची तारीख देत होतं, कुणी जुनी गाडी म्हटल्यावर हातच लावत नव्हतं. अशात एका ओळखीतून मकरपुऱ्याच्या बाजूचं एक गॅरेज कळलं. मालक मराठी, बोलायला गोड. "काका, आत्याबाईंची गाडी म्हणजे माझ्या घरची गाडी. पत्रा उघडा करून देतो, एक ठिपका गंज ठेवणार नाही." परक्या माणसाला मी जे दहा प्रश्न विचारले असते, ते आपल्या भाषेतल्या या माणसाला विचारले नाहीत.

ठरलं ते असं. सगळा जुना रंग रिमूव्हरने काढून पत्रा उघडा करायचा. सडलेला भाग कापून २० गेज जाडीचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पत्रा वेल्डिंगने बसवायचा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, मग खळगे भरायला गरजेपुरती पुट्टी, टू-के सरफेसर म्हणजे रंगाआधीचा सपाट करणारा थर, घासाई आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, मूळचाच क्रीम. हे सगळं एका कागदावर हाताने लिहिलेलं होतं. त्यावर ना सही, ना शिक्का, ना जीएसटी नंबर.

डिसेंबरात पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा बोनेट, डिकीचं झाकण आणि चारही दारं स्टँडवर लटकवलेली होती. उघडा, करडा, स्वच्छ पत्रा. बोट फिरवलं तर गुळगुळीत. मला खरंच आनंद झाला. गाडीचं धड मात्र पॉलिथीनने झाकलेलं होतं. "धूळ बसते काका, आणि आपल्याकडे दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लाल पडतो." हे वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच मी फसलो. उघडा पत्रा लाल पडतो, त्यावर उपाय इपॉक्सीचा. पॉलिथीनखाली तर दमटपणा उलट कोंडतो. पण तेव्हा ते मनात आलं नाही. सुटे होणारे भाग दाखवायचे आणि धड झाकून ठेवायचं, ही युक्ती मला फार उशिरा कळली. दारं आणि बोनेट सहसा कमी सडतात. सडतात ते रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानी, पायाखालचा फ्लोअर आणि डिकीचा तळ, जिथे चिखल बसतो आणि पाणी साचतं.

जानेवारीत व्हॉट्सॲपवर फोटो आले. कापलेला रनिंग बोर्ड, नवा पत्रा, वेल्डिंगचे टाके. मी ते आत्याला दाखवले आणि ४०,००० रुपयांचा पुढचा हप्ता पाठवला. त्या फोटोंपैकी एकाच्या कोपऱ्यात दाराच्या खांबाचा आतला भाग दिसतो आणि त्यावर जुना आकाशी रंग आहे. आमची गाडी जन्मापासून क्रीम आहे, आकाशी रंग तिला कधीच लागलेला नाही. फोटो दुसऱ्याच गाडीचे होते. सहा महिने ते माझ्या फोनमध्ये होते आणि मी फक्त वेल्डिंग बघत राहिलो.

मे महिन्यात गाडी हातात आली. रंग इतका सुरेख होता की कडुनिंबाची पानं बोनेटमध्ये मोजता येत होती. आत्याने हळदीकुंकू लावलं. उन्हाळा कोरडा होता, त्यामुळे काहीच दिसलं नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकापाशी मोहरीएवढे फोड आले. आठ दिवसांत ते हरभऱ्याएवढे झाले आणि मग पंक्चरच्या दिवशी जॅक आत गेला.

रावपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या डेंटरला, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याला, मी घरी बोलावलं. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं. दारावर ते चिकटलं. रनिंग बोर्डवर ठेवलं तर सरळ खाली पडलं. फ्लोअरच्या कडेला पडलं, डाव्या कमानीवर पडलं. "साहेब, आ तो बधो मसालो छे." म्हणजे हा तर सगळा मसालाच; मसाला म्हणजे पुट्टी. पुढे मुलाच्या मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. दारांवर आकडा दोनशे मायक्रॉनच्या आसपास आला, रनिंग बोर्डवर यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला. डेंटरने पटाशीने एक तुकडा काढला. पुट्टीचा थर माझ्या करंगळीएवढा जाड होता. चांगले कारागीर दोन-तीन मिलिमीटरपुढे जात नाहीत, तेही शाबूत पत्र्यावर.

मग एकेक उलगडत गेलं. धडाचा जुना रंग काढलेलाच नव्हता, फक्त वरून घासला होता. भोकांत फायबरची जाळी चिकटवून त्यावर पुट्टी थापली होती आणि खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग, म्हणजे तळाला मारायचा जाड लेप, मारलं होतं, म्हणजे वाकून पाहिलं तरी काही दिसू नये. इपॉक्सीचा पत्ता नव्हता. पुट्टीखाली साधा लाल ऑक्साईड प्रायमर होता, जो दमटपणा अडवू शकत नाही. पुट्टी वॉटर पेपरने, पाणी मारून घासली असावी असं डेंटरचं म्हणणं पडलं. पुट्टी स्पंजसारखी पाणी धरते, म्हणून ती कोरडीच घासायची असते. त्यावर घाईने पीयूचा घट्ट थर दिला की ते पाणी आत अडकतं. खालच्या लोखंडाला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो रंगाला आतून ढकलतो, आणि वर फोड दिसतात.

रंग गेल्याचं दुःख आहेच, पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिचा सांगाडा, आणि रनिंग बोर्ड त्या सांगाड्याचा कणा. त्या माणसाने ८४ वर्षांच्या बाईला पुट्टीच्या कण्यावर बसवून रस्त्यावर पाठवलं. हे त्याला माहीत होतं. ज्याच्या हातात वेल्डिंगची नळी आहे त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

मी गेलो तेव्हा आधी तो म्हणाला, "तुम्ही कव्हर घातलं असणार काका, घाम धरला." मग म्हणाला, "आणून सोडा, फुकटात टच-अप करून देतो." इथे कृपा करून सावध राहा. मी गाडी दिली असती तर पुरावाच नव्या रंगाखाली गेला असता. मी दिली नाही. उघडलेल्या प्रत्येक जागेचे, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढले, पुट्टीचे तुकडे पिशवीत भरून ठेवले, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपचा सगळा संवाद छापून घेतला. आकाशी खांबाचा तो फोटो सगळ्यांत वर लावला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. प्रकरण चालू आहे. पक्कं बिल नसल्याने वकिलांना जास्त कष्ट पडताहेत. १८ टक्के जीएसटी वाचेल म्हणून मी बिलाचा आग्रह धरला नव्हता, ती चूक माझी.

गाडी आता त्या म्हाताऱ्या डेंटरकडे आहे. पैसे टप्प्याटप्प्याने देतो, आणि टप्पा म्हणजे तारीख नव्हे, मी डोळ्यांनी पाहिलेलं काम. धड पूर्ण उघडं केल्यावर पहिला हप्ता. सडका पत्रा कापून तो माझ्या हातात दिल्यावर दुसरा. ते तुकडे मी घरी ठेवले आहेत. वेल्डिंग झाल्यावर, प्रायमरआधी, माझ्याच चुंबकाने तपासून तिसरा. इपॉक्सीचा डबा माझ्यासमोर उघडला, त्यात मिसळायचा हार्डनर माझ्यासमोर मोजला गेला. फोटो मी स्वतः काढतो, दुसऱ्याने पाठवलेला घेत नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला की डावी बाजू बंद करण्याआधी येऊन जा. आत्याला घेऊन गेलो. मागच्या मडगार्डवर, उघड्या पत्र्यात, पितळी वेल्डिंगची एक पिवळी रेघ निघाली होती. वेल्डिंगच्या वेळी वापरलेल्या टाकणखाराचे काचेसारखे कण अजून तिच्या कडेला चिकटलेले होते. ते नीट धुतले नाहीत तर तिथूनही रंग सुटतो, असं डेंटर म्हणाला आणि ब्रश घेऊन बसला. आत्याने त्या रेघेवर बोट ठेवलं. "मांडवीत टांग्याने धडक दिली होती," ती म्हणाली. "तुझे आतोबा दोन दिवस जेवले नव्हते."