गडर लाइनसाठी सेन्सर निवडताना: फ्लोट, अल्ट्रासॉनिक, रडार की डॉपलर?

मैला रस्त्यावर आला की तक्रार, मग सक्शन गाडी. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत हे वर्षानुवर्षं असंच चाललंय. गडर लाइनच्या, म्हणजे मैलापाण्याच्या वाहिनीच्या, आत पाणी चढतंय हे झाकण न उघडता कळावं, म्हणून सेन्सर. निवडताना किमतीच्या आधी एक विचारा: हे यंत्र पुसायला माणसाला किती वेळा चेंबरमध्ये उतरावं लागेल? हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. ज्या सेन्सरपायी पुन्हा माणूसच खाली जाणार, तो मला नको.

फ्लोट स्वस्त. पाणी ठरावीक खुणेवर आलं की इशारा देतो, बाकी काही सांगत नाही. चिंध्या आणि चरबीत अडकतो.

खरी निवड अल्ट्रासॉनिक आणि रडारमध्ये. दोन्ही वर टांगलेले, मैल्याला न शिवता पातळी मोजणारे. पण अल्ट्रासॉनिक आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, आणि आवाजाचा वेग तापमानावर ठरतो: १० अंशाला सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशाला ३५८ च्या आसपास. यंत्र स्वतःच्या तापमापकावरून ही दुरुस्ती करतं. मात्र मे महिन्यात झाकणाखालचं यंत्र तापलेलं आणि तळाजवळची हवा त्याहून थंड असली की हिशेब चुकतो. फेस आवाज शोषतो, कोळ्याची जाळी खोटा प्रतिध्वनी देते. शिवाय यंत्राच्या तोंडाशी थोडं अंतर त्याला मोजताच येत नाही, आणि चेंबर काठोकाठ भरतं तेव्हा पाणी नेमकं तिथंच असतं. रडार आवाजाऐवजी रेडिओ लहरी वापरतो, त्याला उष्णतेचा, वाफेचा फारसा त्रास नाही. महाग आहे, तरी नागपूरसाठी मी रडारच घेईन.

नुसत्या पातळीवरून बरंच वाचता येतं. कोरड्या दिवसांत पाणी सकाळी चढतं, मध्यरात्रीनंतर उतरतं. रात्रीही उतरलं नाही, तर बहुधा पुढं चोकअप आहे. अचानक फारच कमी झालं, तर मागं. पाऊस पडताच काही मिनिटांत उसळलं, तर बहुधा कुणीतरी गच्चीचं पाणी गडर लाइनला जोडलंय. पाऊस थांबून दिवस झाले तरी रात्रीची पातळी जास्तच राहिली, तर फुटक्या सांध्यांतून जमिनीतलं पाणी शिरतंय.

तळाशी बसणारा डॉपलर वेगही मोजतो: पातळी जास्त, वेग कमी म्हणजे पुढं अडथळा, दोन्ही जास्त म्हणजे आवकच वाढली. माहिती सर्वांत चांगली, पण चिंध्या त्यालाच गुंडाळतात. भांडेवाडीच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीवर एखाद-दुसरा पुरे.

अमेरिकेतल्या साउथ बेंड शहरानं शंभरावर सेन्सर लावून नदीत जाणारा मैला खूप घटवला. पण तिथं त्या आकड्यांवरून वाहिन्यांतल्या झडपाही आपोआप हलतात. तशा झडपा नसतील तर आपल्याला वेळेवर इशारा मिळेल, तेवढंच.

तेव्हा नाग नदीकाठच्या सखल चेंबरांत रडार, वरच्या वस्त्यांत फ्लोट. बसवायचे ते फेब्रुवारीतच, म्हणजे जूनपर्यंत कोरड्या दिवसांची चाल हाती येईल. इशाऱ्याचा मेसेज रात्री कुणाच्या फोनवर जाणार, ते खरेदीआधी ठरवा. आणि बिडाच्या झाकणाखाली सिग्नल अडतो, म्हणून झाकण बंद ठेवूनच चाचणी घ्या.