८९९ चं ‘बल आणि गती’ किट: कामाचा माल म्हणजे एक तानकाटा

मुलगी आठवीत, स्टेट बोर्ड, ‘बल व दाब’ चालू होता. व्याख्या धडाधड पाठ पण संतुलित बल म्हणजे नक्की काय गं विचारलं की खिडकीबाहेर बघणार, म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं.

बॉक्समध्ये ५ न्यूटनचा तानकाटा (स्प्रिंगचा काटा, ओढलं की किती बल लागतंय ते न्यूटनमध्ये दाखवतो), हूकवाला लाकडी ठोकळा, ५० ग्रॅमची चार वजनं, कप्प्या, ट्रॉली, सँडपेपर, फुगे आणि जडत्वाच्या प्रयोगासाठी पुठ्ठा नि प्लॅस्टिकची चकती. अहो चकती कशाला, ग्लासवर जुनी लग्नपत्रिका ठेवा, वर पाचचं नाणं, मारा टिचकी, झालं!

ट्रॉलीचं एक चाक डुगडुगतं, सरळ जातच नाही. तक्रार केली तर बदलून आली, ती पण तशीच.

काट्यावर मात्र जीव जडला. आधी रिकामा असताना ०.२ दाखवत होता, वरचा स्क्रू फिरवून शून्यावर आणावा लागतो, हे पुस्तिकेत कुठेच नाही. मग ठोकळा टेबलावर ठेवून ओढायला घेतला, तो जागचा हलेना तोवर काटा ०.८ पर्यंत चढला आणि सरकायला लागल्यावर ०.६ वर उतरला. म्हणजे सुरू करायलाच जास्त जोर लागतो, कपाट हलवताना कळतं ना तसंच. नंतर ठोकळा अरुंद बाजूवर उभा केला, मी छातीठोक सांगितलं आता कमी लागणार, टेकलाय कुठे फारसा, तर परत ०.६ च! लेकीने पाच वेळा करून दाखवलं, मी हरले. सँडपेपरवर सरळ दुप्पट.

आणि मग तिनेच विचारलं, ठोकळा एकाच वेगाने सरकतोय तेव्हा माझी ओढ ०.६ आणि घर्षण पण ०.६, मग हा चालतोय कसा? तिथे अर्धा तास गेला. संतुलित बल म्हणजे वस्तू थांबलेलीच असणार असं डोक्यात बसलेलं असतं, ते तिथे सुटलं. बलं सारखी झाली की वेग बदलत नाही एवढंच, चालणारी वस्तू चालत राहते.

पुस्तिका मराठीत आहे पण मशीनने केलेली असावी, ‘ठोकळ्यावर सक्ती करा’ असं छापलंय. वर ‘वजन २०० ग्रॅम’. अहो ते वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये, चारही वजनं टांगली की काटा २ च्या किंचित खाली थांबतो तेच दिसतं की. परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील.

तीन स्टार, तेही काट्याचे. शाळेच्या लॅबचं सामान ठेवणाऱ्या दुकानात तानकाटा सुटा मिळतो, आधी तिथे विचारा, ठोकळा सुताराकडे मिळेल. काटा सध्या आमच्या स्वयंपाकघरात लटकतोय, कोथिंबिरीची जुडी पण न्यूटनमध्ये मोजून होते.