समोर बसून, वाजवून घेतलेला कंट्रोलर

वापरलेले वाद्य विकत घेताना प्रत्यक्ष भेटा, स्वतः वाजवून बघा आणि मगच पैसे द्या, असा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही. परंतु माझी फसवणूक हा सल्ला तंतोतंत पाळूनच झाली. विक्रेत्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, अर्ध्या तासाहून अधिक वेळ वाजवून घेतलेला मिडी कीबोर्ड कंट्रोलर (संगणकातले आवाज वाजवण्यासाठीचा पट्ट्यांचा कीबोर्ड) घरी आणल्यावर मोजलेल्या पैशांच्या निम्म्या लायकीचाही निघाला नाही. घरच्या स्टुडिओसाठी असे काही घेऊ पाहणाऱ्यांनी हे वाचावे म्हणून लिहीत आहे. मजकूर थोडा तांत्रिक झाला आहे, कारण विकणाऱ्याला यंत्र उत्तम कळत होते आणि त्याने नेमक्या त्याच कळण्याचा वापर केला.

नोकरी सांभाळून घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकापुढे सिंथेसायझर घ्यावा की कंट्रोलर, हा प्रश्न कधी ना कधी येतो. सिंथेसायझरमध्ये आवाज तयार करणारी यंत्रणा आतच असते. वीज जोडली, स्पीकर लावला की तो वाजतो, आणि नीट सांभाळला तर टिकतोही. १९८३ साली आलेला यामाहाचा डीएक्स-७ आजही चालू स्थितीत सापडतो, आणि त्याच सुमारास रूढ झालेल्या मिडी या, वाद्यांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या, जोडणीमुळे आजच्या संगणकालाही तो जोडता येतो. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत रोलँडचा एक्सपीएस-१० इतक्या वेळा दिसतो तोही याच कारणाने, की मंचावर लॅपटॉप न नेता काम भागते. कंट्रोलरला मात्र स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढी माहिती तो यूएसबीतून संगणकाला पाठवतो, आणि पियानो, व्हायोलिनचा ताफा, जुन्या सिंथांचे आवाज हे सगळे संगणकातल्या सॉफ्टवेअरमधून येते. म्हणजे कंट्रोलरसाठी आपण जे पैसे मोजतो त्यांतला एक भाग हाताखालच्या पट्ट्यांचा आणि नॉबांचा असतो, तर दुसरा सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचा. माझ्या व्यवहारात हे दोन्ही भाग खोटे होते, आणि दोन्ही झाकण्याची तऱ्हा वेगळी होती.

मी साताऱ्यात राहतो. इथे अशी वाद्ये हाताळून बघता येतील असे दुकान नाही, म्हणून पुण्याकडे डोळे लावून बसावे लागते. मला ४९ पट्ट्यांचा, आफ्टरटच (पट्टी दाबून धरल्यावर आणखी रेटली की तो दाबही कळवण्याची सोय) असलेला आणि सोबत जुन्या सिंथांच्या आवाजांचे मोठे सॉफ्टवेअर देणारा एका परदेशी कंपनीचा कंट्रोलर हवा होता. नवा घेतला असता तर चाळीस हजारांच्या घरात गेला असता. पुण्यातल्या एका गृहस्थाने तो २४ हजारांना विकायला काढला होता. जाहिरातीत मूळ खोके, केबल, बिलाचा फोटो आणि ‘पूर्ण सॉफ्टवेअरसह’ असे शब्द होते. भाव अविश्वसनीय वाटावा इतका कमी नव्हता, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण फार स्वस्त दिसले की सावध व्हायची सवय आता बहुतेकांना झाली आहे. बदलीवर निघालेला फौजी असल्याचे सांगून गाडीभाड्याची आगाऊ रक्कम मागणारे, किंवा ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला लावणारे लोक आता पुष्कळांना ओळखता येतात. (यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, आणि असे काही घडलेच तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.) माझा विक्रेता त्यांपैकी नव्हता. त्याचे घर होते, त्या घरात स्टुडिओ होता, आणि तो स्वतः उत्तम वाजवत होता.

त्याने केलेले प्रात्यक्षिक आता आठवतो तेव्हा त्यातली प्रत्येक निवड विचारपूर्वक केलेली दिसते. आधी त्याने ऑर्गन लावला. ऑर्गनचा आवाज पट्टी हळू दाबा की जोरात, तेवढाच येतो. तो त्या वाद्याचा स्वभावच आहे. मग हळूहळू उमलणारे स्ट्रिंग्ज आणि पॅड लावले, ज्यांच्यात सुराची सुरुवातच इतकी सावकाश होते की पट्टीने एखादा सूर उशिरा दिला किंवा अडखळत दिला तरी कानाला कळत नाही. नंतर एक जोरकस सिंथ लीड, सूर वरखाली वाकवणारे पिच बेंडचे चाक फिरवत. मी पियानो मागितला तेव्हा तो म्हणाला, “सर, पूर्ण लायब्ररी दुसऱ्या हार्ड डिस्कवर आहे, या लॅपटॉपवर हलका पियानो टाकलाय, तेवढा चालवून घ्या.” तो हलका पियानो सगळ्या पट्ट्यांवर एकाच जोराने वाजत होता, पण हलक्या पियानोचे तसेच असते, त्यामुळे स्पष्टीकरण पटण्याजोगे होते. आपल्यापैकी अनेकांचा हात पेटीवर तयार झालेला असतो हेही इथे लक्षात घ्यावे. पेटीत आवाजाचा चढउतार भात्याकडे असतो, बोटांकडे नसतो, म्हणून पट्टीवरच्या दाबाने सूर बदलला नाही तरी पेटीवाल्या हाताला लगेच खटकत नाही. त्याने मला काय वाजवता असे आल्या आल्या विचारले होते आणि मी पेटी असे उत्तर दिले होते. तो प्रश्न केवळ गप्पांसाठी होता की नाही, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

परवान्याचा विषय मीच काढला. तो म्हणाला, “कंपनीला मेल टाकतो सर, आठवड्याभरात तुमच्या खात्यावर येईल. सगळ्यांचं असंच होतं.” त्या क्षणी त्याच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर उघडे होते आणि त्याच कंट्रोलरने वाजत होते. यूपीआयने २४ हजार दिले, खोके उचलले आणि परतीची एसटी पकडली.

घरी स्वतःच्या संगणकावर चांगला पियानो लावला तेव्हा पहिला दोष उघडा पडला: हळू वाजवा, जोरात वाजवा, प्रत्येक सूर सारखाच. कंट्रोलरच्या आतल्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटीचे वळण, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली की कोणता आकडा जावा, हे निवडायची सोय असते. ते ‘फिक्स्ड’वर ठेवलेले होते, म्हणजे कोणतीही पट्टी कशीही दाबली तरी संगणकाला एकच आकडा जात होता. कारखान्यातून येतो तसा रीसेट केल्यावर खरी अवस्था दिसली. कडेच्या पट्ट्या नीट होत्या, पण मधल्या सप्तकातल्या बऱ्याच पट्ट्या फुंकर घालावी इतक्या हलक्या दाबल्या तरी संपूर्ण जोराने ओरडत होत्या. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर, आणि या दोन स्पर्शांमधला वेळ मोजून यंत्र पट्टी किती वेगाने दाबली ते ठरवते. पहिल्या ठिपक्याचा कार्बन झिजला किंवा त्यावर मळ बसला की तो वेळ मोजलाच जात नाही आणि पुष्कळ यंत्रे अशा वेळी सर्वाधिक आकडा, म्हणजे १२७, पाठवून मोकळी होतात. व्हेलॉसिटी कायमची एकाच आकड्यावर बांधून ठेवली की बिघडलेली पट्टी आणि चांगली पट्टी यांतला फरकच संपतो. हे सेटिंग दोन-तीन मेनूंच्या आत असते, चुकून हात लागून बदलत नाही.

परवान्याचे प्रकरण याहून हुशारीचे निघाले. आठवडा उलटला, मेल आला नाही, आणि विक्रेता दर वेळी कंपनीकडूनच उशीर होत असल्याचे सांगत राहिला. शेवटी कंट्रोलरच्या तळाशी असलेला सीरियल नंबर देऊन मीच कंपनीच्या ग्राहकसेवेला लिहिले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते: हा क्रमांक आधीच एका खात्यावर नोंदलेला आहे, सॉफ्टवेअरचा परवाना त्या खात्याशी बांधलेला आहे, हस्तांतरण फक्त तोच खातेदार करू शकतो, आणि तो कोण हे आम्ही सांगू शकत नाही. मी हे विक्रेत्याला कळवले तेव्हा त्याने ‘ट्रान्सफर फी’ म्हणून आणखी साडेतीन हजार मागितले. काही कंपन्या असे शुल्क खरोखर घेतात, म्हणून मी कंपनीच्या पानाचा दुवा मागितला. त्यावर त्याने मला ब्लॉक केले. पुढे जुन्या जाहिराती चाळताना त्याच टोपणनावाने काही महिन्यांपूर्वी दिलेली दुसरी जाहिरात सापडली, फक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची. एकच वस्तू दोन तुकडे करून दोघांना विकली होती, आणि दुसऱ्या तुकड्यासोबत पहिल्याचेही पैसे माझ्याकडून पुन्हा घेतले होते. जमिनीचा ताबा एकाला द्यावा, सातबारा दुसऱ्याच्या नावे करावा आणि किंमत दोघांकडून पूर्ण घ्यावी, असा हा प्रकार. लॅपटॉपवर त्या दिवशी वाजत होते ते बहुधा त्याच सॉफ्टवेअरचे चाचणी-रूप असावे. अनेक कंपन्या ठरावीक मिनिटांपुरते किंवा दिवसांपुरते ते फुकट वापरू देतात.

तक्रारीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असेच ऐकायला मिळाले. खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या वस्तूसाठी ग्राहक आयोगाचा मार्गही सहसा उपयोगी पडत नाही, कारण तो धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहे. मात्र विकतानाच खोटे बोलून पैसे घेतले असतील तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीत बसू शकते, आणि त्यासाठी विकतानाचे शब्द पुराव्यात असावे लागतात. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘पूर्ण सॉफ्टवेअरसह’ हे त्याचे चॅटमधले लेखी वाक्य, कंपनीचे उत्तर आणि परवान्याची वेगळी जाहिरात, एवढे होते. ते जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. ठाण्यातून एक फोन गेल्यावर त्याने ९ हजार परत पाठवले आणि अर्ज मागे घेण्याची विनंती केली. अर्ज मी मागे घेतला नाही, आणि त्यावर पुढे काही झालेही नाही. पट्ट्यांच्या दुरुस्तीत मेकॅनिकने ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, त्याने काही पट्ट्या सुधारल्या, उरलेल्यांसाठी खालच्या रबराच्या टोप्या नव्या परदेशातून मागवाव्या लागल्या. हा खर्च आणि वेगळे घेतलेले सॉफ्टवेअर धरले तर परत मिळालेले पैसे वजा करूनही वॉरंटीसह नवा कंट्रोलर त्याच रकमेत आला असता.

आता कुणी मित्र असा कंट्रोलर बघायला नेतो तेव्हा मी स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची केबल सोबत ठेवतो, आणि विक्रेत्याच्या यंत्रावर एकही सूर ऐकत नाही. आधी त्याच्याच समोर कंट्रोलर कारखान्याच्या सेटिंगवर आणायला सांगतो. मग मिडी संदेश आकड्यांत दाखवणारे सॉफ्टवेअर उघडतो; विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही दोन्ही फुकट मिळतात. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक पट्टी एकदा अगदी हळू आणि एकदा जोरात दाबायची; हळू दाबताना २० ते ४०च्या आसपासचे आकडे यायला हवेत, आणि मध्येच एखादी १२७ देत असेल तर तिथेच थांबायचे. आफ्टरटच असल्याचा दावा असेल तर पट्टी दाबून धरून आणखी रेटायची आणि आकडा चढतो का ते बघायचे. पिच बेंडचे चाक सोडल्यावर मध्याच्या आकड्यावर, म्हणजे ८१९२ वर, परतले पाहिजे. परतत नसेल तर पुढे प्रत्येक सूर किंचित बेसूर लागेल. नॉब सावकाश फिरवताना आकडे उड्या मारत असतील तर आतला भाग झिजलेला आहे. हे सगळे करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्यासाठी वाजवता येण्याची गरज नसते. सिंथेसायझर घेतानाही पट्ट्यांची परीक्षा अशीच करता येते. शिवाय त्यातल्या आवाजांचा स्वतंत्र परवाना नसल्यामुळे व्यवहार निम्म्याने सोपा होतो.

परवान्याची खात्री मात्र पैसे देण्याआधीच करावी लागते. विक्रेत्याने आपल्या डोळ्यांसमोर कंपनीच्या खात्यात लॉगिन करावे, तळाशी छापलेला क्रमांक त्या खात्यात दाखवावा, आणि हस्तांतरणाची विनंती आपण बसलो असतानाच पाठवावी. हार्डवेअरसोबत फुकट दिलेले काही सॉफ्टवेअर दुसऱ्याला देण्याची मुभा कंपनी ठेवतच नाही, तेव्हा ते आधी कंपनीच्या नियमांत वाचून घ्यावे आणि भाव त्याप्रमाणे कमी करावा. विक्रेता ‘आठवड्याभरात करतो’ म्हणाला, तर परवान्याइतकी रक्कम आठवड्याभराने द्यावी. गेल्या महिन्यात एका मित्रासाठी ६१ पट्ट्यांचा कंट्रोलर बघायला गेलो होतो, तिथल्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने जराही कुरकुर न करता खाते उघडले, विनंती पाठवली, आणि सीरियल नंबर, बंद असलेला एक नॉब आणि परवान्याचा उल्लेख असलेली पावती स्वतःच्या हाताने लिहून दिली. तो व्यवहार १९ हजारांना झाला आणि परवाना चौथ्या दिवशी मित्राच्या खात्यात जमा झाला.