दूध बाधणाऱ्या मुलाचं वजन: नारळ, नाचणी, मासे की डब्याचं दूध?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी निघाली की घरात शोध सुरू होतो तो दुधासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या वस्तूचा. पण दूध तीन कामं करत असतं: स्निग्धांश, प्रथिनं आणि कॅल्शियम. कोकणातल्या स्वयंपाकघरात तिन्हींची सोय आहे, फक्त ती एका भांड्यात नाही.

शेळीचं दूध आधी बाद करा. गायीचं दूध बाधणाऱ्या दहातल्या नऊहून जास्त मुलांना तेही बाधतं, आणि म्हशीच्या दुधाची गत वेगळी नाही. तुपातही प्रथिनांचा अंश राहतो; ते डॉक्टरांना विचारूनच. ॲलर्जीसाठीचं डब्याचं खास दूध (हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनं आधीच तोडलेलं, किंवा अमिनो ॲसिडचं) तिन्ही कामं एकटं करतं, पण महाग पडतं आणि चवीला कडवट लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध पुरत नसेल तर मात्र त्यावाचून इलाज नाही. मासे-डाळ नीट खाणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचं बहुधा त्याच्याशिवाय भागतं. तरी डबा सुरू किंवा बंद करायचा निर्णय डॉक्टरांचाच.

नारळाच्या रसाबद्दल गैरसमज फार. पहिला जाड रस 100 मिलीला 200 च्या आसपास कॅलरी देतो, म्हणजे गायीच्या दुधाच्या तिप्पट. पण त्यात प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम आणि कॅल्शियम नावापुरतं. म्हणून पेलाभर रस पाजून दूध दिल्याचं समाधान मानू नका. तो जेवणात घालायचा. खाण्याचं खोबरेल याहून सोपं: एक चहाचा चमचा म्हणजे 40 कॅलरी, मऊ भातात दिसतही नाही. पहिले तीन-चार दिवस अर्धाच चमचा घाला, एकदम वाढवलं तर जुलाब होतात.

नाचणीत आमचा कौल सत्त्वाऐवजी मोड काढलेल्या पिठाला. सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर कॅल्शियम आणि प्रथिनंही फडक्यात राहतात. शिवाय मोड आल्यामुळे पिठाची खळ कमी होते, त्यामुळे पेज घट्ट न होता त्यात पीठ जास्त मावतं. दोन मोठे चमचे (20 ग्रॅम) पीठ वाटीभर गार पाण्यात कालवा, मंद आचेवर ढवळत दहा मिनिटं शिजवा, उतरवल्यावर दोन मोठे चमचे जाड रस आणि चमचाभर गूळ घाला. रस उकळला तर फाटतो. नुसत्या पाण्यातल्या पेजेत 65 कॅलरी, यात दीडशेच्या घरात. दिवसाची कॅल्शियमची गरज 500 मिलिग्रॅम, आणि 30 ग्रॅम नाचणीतून मिळतं शंभरेक. बाकीच्यासाठी औषध लागेल का, हे विचारून घ्या.

प्रथिनांसाठी मासा की डाळ? पोट लहान असेल तर मासा. 30 ग्रॅम शिजलेल्या तुकड्यात 6 ग्रॅम प्रथिनं; तेवढ्यासाठी जवळजवळ वाटीभर घट्ट वरण संपवावं लागतं. कोळंबी बाधते म्हणून मासा बाधेलच असं नाही, दोन्हींतली प्रथिनं वेगळी. पण कोळंबी बाधत असेल तर त्याच तेलात तळलेली तुकडी नको, आणि सुक्या मासळीत जवळा (कोळंबीसारखाच, पण बारीक) मिसळलेला असू शकतो हे विसरू नका. सुरुवात हळद-मीठ लावून वाफवलेल्या मुडदुशापासून करा, काटे बोटांनी चाचपून काढा. बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन (ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं द्रव्य) वाढतं, शिजवूनही जात नाही. अंगावर पित्त उठतं आणि घरातली माणसं मासे कायमचे बंद करतात. खरा गुन्हेगार शिळेपणा! जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजा मासा मिळाला नाही तर डाळ-भातावर खोबरेल, आणि चालत असेल तर अंडं.

काजू-शेंगदाण्यात कॅलरी भरपूर, पण द्यायचे ते पूड करूनच. अख्खा दाणा घशात अडकतो. काजू बाधला तर पिस्ताही टाळा. आंब्याच्या चिकाने ओठांभोवती उठलेलं पुरळ मात्र बहुतेक वेळा चिकाचंच असतं. नीट धुऊन, साल जाड काढून गर देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

नवा पदार्थ सकाळी, एका वेळी एकच, पाव चमचा. मग तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. त्या पदार्थाने आधी श्वास लागला असेल, तोंड-ओठ सुजले असतील किंवा लागोपाठ उलट्या झाल्या असतील, तर घरी प्रयोग अजिबात नको. केवळ रक्ततपासणीच्या यादीवरून चार-पाच पदार्थ एकदम बंद करणं तर वजन घटवायची हमखास युक्ती आहे.

तीन जेवणं, दोन खाणी, मध्ये अडीच-तीन तास. जेवणाआधी पाणी, सरबत नको. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, कपडे काढून. दर आठवड्याला केलं तर पोटातली पेजच मोजाल. दुसऱ्या वर्षात महिन्याला 200 ग्रॅमच्या आसपास वाढ पुरेशी. सलग दोन महिने काटा हलला नाही, किंवा अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ खालच्या रंगात उतरली, तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा.