वर्तकनगरची भांडी बँक : शंभर पानांसाठी घ्यावी का?

सत्यनारायण असो, बारसं असो की सोसायटीचं स्नेहभोजन, शंभर पानं उठायची म्हटली की बहुतेक जण थेट पत्रावळीच्या दुकानात जातात. ती पत्रावळ कागदी म्हणायची, पण आतलं चकचकीत अस्तर प्लास्टिकचंच. ओल्या कचऱ्यात ती कुजत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे देशभर बंद झाले; तरी पूजेच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही सोसायटीचा कचऱ्याचा डबा उघडून पाहावा. ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या काही बायकांनी यावर फलक न लावता वर्गणी काढली, स्टीलची भांडी घेतली आणि ती भाड्याने द्यायला लागल्या. हीच ती भांडी बँक.

एका सेटमध्ये ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा. भाडं सेटला ८ रुपये, त्यात धुणं आलं. अनामत वेगळी, भांडी मोजून झाली की तिथल्या तिथे परत मिळते. ने-आण मात्र आपली आपण करायची. ५० सेट क्रेटसकट तीस किलोच्या घरात जातात, म्हणजे शंभर पानांना एक रिक्षा पुरते, पण क्रेट उचलायला दोन धडधाकट माणसं हवीत.

मागणी नोंदवताना सगळं सारख्या संख्येने घेऊ नका. पंगत असेल तर शंभर माणसांना शंभर सेट ठीक. बुफे असेल तर माणूस पेला कुठेतरी ठेवतो आणि दुसरा उचलतो, म्हणून पेले दीडशे घ्या. खीर किंवा आमरस असेल तर वाट्या आणि चमचेही वाढवा. सुटी भांडी वेगळ्या दराने मिळतात, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

परत करताना नियम एकच: खरकटं काढून, पाण्यातून एकदा विसळून द्यायचं. घासायचं नाही. हा नियम जाचक वाटतो, पण कारण पक्कं आहे. लोणचं किंवा मीठ रात्रभर ताटात राहिलं तर स्टीलवर बारीक खड्डे पडतात, आणि ते कशानेच जात नाहीत. म्हणूनच ब्लीच आणि लोखंडी काथ्याही इथे चालत नाही. काथ्याचे कण भांड्यात राहिले की त्यांचाच गंज दिसतो. बायका भांडी गरम साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, नायलॉनच्या घासणीने घासतात, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढतात आणि जाळीवर पालथी घालून पूर्ण निथळू देतात. ओलीच चवड रचली तर झाकलेल्या क्रेटला कुबट वास येतो. इथल्या क्रेटला तो येत नाही, आणि भाड्याच्या भांड्यांची खरी परीक्षा हीच.

पेले एकमेकांत अडकले तर आपटू नका. आतल्या पेल्यात गार पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा, सुटतात.

हरवतं काय? ताट सहसा नाही. वाटी शेजारच्या स्वयंपाकघरात जाते, म्हणून प्रत्येक भांड्यावर बँकेचं नाव घातलेलं आहे. चमचा खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो. यावर बँकेच्या ताईंची युक्ती छान आहे: चमचे मुद्दाम लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचे घेतलेत, आणि क्रेटबरोबर दोरीला बांधलेला चुंबक देतात. खरकट्याच्या बादलीतून तो एकदा फिरवायचा. ताटं चांगल्या प्रतीच्या स्टीलची असल्याने त्याला चिकटत नाहीत, ती डोळ्यांनीच मोजावी लागतात. मोजणी दोन्ही वेळा समोरासमोर होते, वाट्या दहाच्या चवडीत, चमचे पंचवीसच्या जुडीत, आणि वहीत दोन्ही बाजूंच्या सह्या. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी सही चुकत नाही. असे अनेक उपक्रम उधारीत आणि भिडेखातर बुडतात. हा या वहीवर टिकलाय, असं स्पष्ट दिसतं.

उणिवाही आहेत. पातेली, डाव, पाण्याचे जग मिळत नाहीत, ते आचाऱ्याकडून घ्यावे लागतात. परतीची वेळ फक्त सकाळची. रात्री दहाला जेवणं संपली तर क्रेट घरात ठेवायला जागा लागते. फोन दुपारी उचलला जात नाही, कारण त्याच वेळी धुणं चालू असतं. आणि ताटाला कप्पे नाहीत, त्यामुळे उभ्याने जेवणाऱ्यांची आमटी वाटीतून कलंडते. आमटी दाट करायला सांगा.

दुसऱ्या भागातल्या बायका शिकायला आल्या तर वहीचा नमुना आणि घाऊक खरेदीचा हिशेब त्या फुकट दाखवतात. सुरुवात ५० सेटने करा, पण वाट्या आणि चमचे जास्तीचे घ्या, असा त्यांचा सल्ला असतो.

गौरीजेवणाच्या दिवसाची भांडी श्रावणातच लागून जातात. त्या दिवशी हवी असतील तर नागपंचमीच्या आधी अनामत भरून ठेवा.