कोडी की जेलीफिन? दोन टीव्हींच्या घरासाठी

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी बाबांनी जपलेल्या व्हीएचएस कॅसेटी होत्या: मंडळाच्या गणपतीतली नाटकं, लग्नं, मुंजी. त्या आधी डीव्हीडीवर उतरवल्या, तिथून हार्ड डिस्कवर. पडून असलेल्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली. लाइट गेली तरी त्याची बॅटरी तग धरते, म्हणून वेगळा यूपीएस घेतला नाही.

हे व्हिडिओ टीव्हीवर बघायला आधी दोन वर्षं कोडी वापरलं, म्हणजे टीव्हीपाशीच चालणारा प्लेअर. आता जेलीफिन आहे, म्हणजे एका सर्व्हरवरून घरभर व्हिडिओ पुरवणारा प्रोग्रॅम. एकच टीव्ही असेल तर पुढचं वाचण्याचीही गरज नाही, कोडी घ्या. २००२ साली ते एक्सबॉक्ससाठी सुरू झालं, त्यामुळे रिमोट हातात धरून बसणाऱ्याचा विचार त्यात मुळापासून आहे. डीव्हीडीतल्या एमपीईजी-२ या जुन्या व्हिडिओ प्रकारातल्या फायली, हलत्या चित्रातल्या त्या दातेरी रेघांसकट, ते सहज निस्तरतं.

आमचं अडलं ते आईपाशी. ती हॉलमध्ये नाटकाचे दोन अंक बघते आणि तिसरा रात्री आतल्या खोलीत, पडल्या पडल्या. कोडी कुठवर बघून झालं ते ज्या-त्या यंत्रावरच नोंदवतं. दोन्हीकडे एकच नोंद हवी तर मारियाडीबी हा सामाईक डेटाबेस मांडावा लागतो. तोही मांडला, वर्षभर छान चालला. मग हॉलमधला टीव्हीला जोडलेला बॉक्स कोडी २० वरून २१ वर गेला आणि आतला मागे राहिला. नव्या आवृत्तीनं स्वतःसाठी डेटाबेसची वेगळी प्रत केली आणि तेव्हापासून दोन खोल्यांचा मेळ बसेना. आई रोज विचारायची, ‘अरे, हे परत पहिल्यापासून का लागतंय?’ त्यापुढे मला कोडीचे बाकीचे गुण दिसेनासे झाले.

जेलीफिन ही नोंद सर्व्हरवर ठेवतं, प्रत्येक माणसाच्या नावानं वेगळी. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच मीडिया सर्व्हरचा कोड बंदिस्त झाल्यावर त्यातून फुटून निघालेला हा प्रकल्प. हार्डवेअरवरचं रूपांतर, म्हणजे चिपच्या मदतीनं व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलणं, तेसुद्धा इथे विनामूल्य आहे. ते लागतंच, कारण ब्राउझरला एमपीईजी-२ चालत नाही आणि सर्व्हरला चालता-चालता फाइल बदलावी लागते. मे महिन्यात लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो खरा, पण डीव्हीडीचं ७२०×५७६ चं चित्र त्याला जड जात नाही. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक घ्यायच्या विचारात असाल तर थांबा, त्यात हे रूपांतर करणारा हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर नाही.

नाटकांना जेलीफिन भलत्याच सिनेमांची पोस्टरं चिकटवतं, एवढा एक त्रास झाला. लायब्ररीचा प्रकार घरगुती व्हिडिओ असा निवडल्यावर तोही गेला. उत्तरायणात गच्चीवर पतंग उडवता उडवता भाचरांनी फोनवर आजोबांनी जपलेल्या कॅसेटींतली एक मुंज लावली, ती घरातल्याच वाय-फायवर.

तुमच्या घरची सवय वेगळी असू शकेल, पण मी तरी जेलीफिनच आधी मांडा म्हणेन. कोडीचं चित्र सोडवत नसेल तर त्यात जेलीफिनचं ॲड-ऑन बसतं. आमच्या हॉलमध्ये सध्या तसंच आहे, आणि आईचा तिसरा अंक आत तिसऱ्या अंकापासूनच सुरू होतो.