शाळेच्या संगणकावर साहसातून शिकवायला काय टाकावं: जीकॉम्प्री की लुआन्ती?

जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत जुने संगणक आणि रडतखडत चालणारं नेट असेल, तर पहिली-दुसरीला जीकॉम्प्री, म्हणजे छोट्या शैक्षणिक खेळांचा संच. मोफत, 2 ते 10 वयासाठी, एकदा टाकला की बहुतेक सगळा नेटशिवाय चालतो. सेटिंगमध्ये चांदण्यांवरून काठिण्य ठरवून द्या, नाहीतर पोरं सोप्यातच रमतात. पण साहस म्हणावं असं त्यात फारसं नाही.

ते लुआन्तीत आहे, म्हणजे ठोकळ्यांचं जग रचत खेळायच्या कार्यक्रमात. हाही मोफत, 2024 पर्यंत नाव माइनटेस्ट. आतला खेळ वेगळा उतरवावा लागतो, तेवढ्यापुरतं नेट हवं. संगणक अडखळला तर दृश्य-अंतर (किती ठोकळे लांबचं दिसावं ते) 190 वरून 50 वर आणा. सगळ्यांना एकत्र खेळायचं तर एका संगणकावर 'होस्ट सर्व्हर'ची खूण करायची, बाकीच्यांवर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि पोर्ट 30000 टाकायचा. जोडणी होईना? बहुधा फायरवॉल (संगणकाची सुरक्षा-भिंत) आडवा येतो.

तिसरी-चौथीला लुआन्तीत 12 बाय 8 ठोकळ्यांची केळीची बाग आखायला सांगा. परिमिती 40; बाहेरून सलग कुंपण घातलं तर ठोकळे 44 लागतात, कारण चार कोपरे वाढतात. यावर वर्गात जुंपते तशी जीकॉम्प्रीच्या कोड्यांवर जुंपत नाही. 'डॅमेज'ची (इजा होण्याची) खूण मात्र आधी काढा, नाहीतर निम्मा तास पडण्या-मरण्यातच जातो.